जुना रेडिएशन गेज प्लांटमधून हलवला: खाजगी सर्व्हिसचा रिव्ह्यू, गोव्यातून

५ पैकी साडेतीन. एजन्सीचं नाव टाकत नाही, कारण आमचं एक काम अजून त्यांच्याकडे लटकलंय आणि या धंद्यात माणसं मोजकीच, उद्या गरज पडली तर परत त्यांचंच दार वाजवायचंय. पण गोव्यात असल्या सर्व्हिसबद्दल कुठेच काही लिहिलेलं सापडत नाही, आम्ही शोधत होतो तेव्हा तर हॉटेलं आणि रेंटच्या स्कूटर सोडून दुसरं काही येतच नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कुंडई, वेर्णा, मडकई, कुंकळ्ळी, कुठल्याही औद्योगिक इस्टेटीत जुना न्यूक्लिऑनिक गेज (किरणांनी माप घेणारं यंत्र) पडून असेल तर त्या माणसाला उपयोग होईल.

आमचा प्लांट बॉटलिंगचा. लाइनवरून कॅन धावत असतात, प्रत्येक कॅन पुरेसा भरलाय की नाही ते बघायला पूर्वी एक गेज होता, एका बाजूला अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी धातूचा सोर्स, समोर डिटेक्टर, मधून कॅन जातो. आत माल असेल तर किरण अडतात, कॅन अर्धवट असेल तर आरपार जातात, की लगेच एक दांडा येऊन त्या कॅनला बाजूला ढकलतो. बिअर, सॉफ्ट ड्रिंकच्या लाइनवर हे जगभर चालायचं, अजूनही चालतं. आम्ही लाइन बदलली, नव्या लाइनवर दुसरी सिस्टीम आली आणि हा गेज स्टोअरच्या मागच्या खोलीत कुलपात गेला. सोर्स म्हणाल तर शर्टाच्या बटणाएवढा. शटर बंद असलं की बाहेर जवळजवळ काही येत नाही, त्याचा गॅमा इतका हलका की शिशाचा पातळ पत्रा पुरतो. भीती वेगळीच, कुणी तो फोडला आणि आतली भुकटी नाकातोंडात गेली तर अल्फा किरणं शरीराच्या आत बसून काम करतात.

आणि फोडणारे असतातच. हायवेच्या कडेच्या भंगारअड्ड्यांवरून गोव्यात कायमच आरडाओरडा असतो, तिथे काय काय येतं ते बघायला कोण जातंय? २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत हेच झालं, दिल्ली युनिव्हर्सिटीने वर्षानुवर्षं न वापरलेलं एक गॅमा मशीन लिलावात भंगारवाल्याला विकलं, आत कोबाल्ट-६० होता, एक माणूस गेला आणि बाकीचे हॉस्पिटलात. त्याच्या आधी १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात एक खाजगी रेडिओथेरपी क्लिनिक जागा बदलून गेलं, जुनं मशीन तिथेच टाकून. दोघांनी ते भंगार म्हणून उचललं, आतली सीझियमची निळी चमकणारी पावडर लोकांनी घरी नेली, पोरांनी अंगाला लावली, चार माणसं मेली. म्हणजे एकीकडे सरकारी युनिव्हर्सिटी, दुसरीकडे खाजगी क्लिनिक, दोघांनी वस्तू विसरण्याचंच काम केलं. तेव्हा खाजगी चांगलं की सरकारी चांगलं असा वाद घालणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

आता एजन्सी. त्यांचा सेल्सवाला आला तो लॅपटॉप घेऊनच. पोरगा हुशार, तिखटमीठ लावून बोलणारा. 'सर, तुम्ही फक्त सही करा, बाकी सगळं आमच्यावर.' प्रेझेंटेशनमध्ये एक स्लाइड होती, अमेरिका आणि इंग्लंडचे झेंडे, आणि खाली असं की प्रगत देशांत अणुकचऱ्याची सफाई खाजगी कंपन्याच करतात, आता भारतातही तेच होणार. आमचे मालक खूश. ते मला म्हणाले, 'बघ, जगात असंच चालतं, एकदा पैसे दिले की आपला संबंध संपला.' मग एक नोट लिहायचं काम माझ्यावर आलं की संबंध खरंच संपतो का. ती स्लाइड मी जरा उलगडून बघितली आणि माझ्या मते एवढ्या कामातला सगळ्यात मजेशीर भाग तोच.

हॅनफर्ड म्हणून अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात जागा आहे, बॉम्बसाठी प्लुटोनियम बनवायचे तिथली. जमिनीखाली १७७ टाक्या आणि त्यात सुमारे २१ कोटी लिटर किरणोत्सारी लगदा. १९९८ मध्ये तिथे खाजगीकरणाचा मोठा करार झाला, कंपनीने स्वतःचा पैसा घालायचा, प्लांट उभारायचा, लगदा काचेत मिसळून घट्ट करून द्यायचा आणि तयार मालाचे पैसे घ्यायचे. ठरलेला आकडा ६९० कोटी डॉलर. २००० च्या एप्रिलमध्ये कंपनीने नवा आकडा दिला, १५२० कोटी. पुढच्याच महिन्यात करार रद्द. गंमत म्हणजे खाजगी म्हणून जी कंपनी आणली होती ती बीएनएफएलची अमेरिकन शाखा, आणि बीएनएफएल तेव्हा शंभर टक्के ब्रिटिश सरकारच्या मालकीची! म्हणजे एका सरकारने आपलं काम खाजगी करायला दुसऱ्या सरकारची कंपनी बोलावली. स्लाइडवरचे दोन्ही झेंडे एकाच करारात आले बघा.

आयडाहोत पिट नाइन म्हणून एक पुरलेल्या कचऱ्याचा खड्डा आहे, १९९४ मध्ये लॉकहीड मार्टिनने तो साफ करायचं ठरलेल्या किमतीत घेतलं, २० कोटी डॉलरच्या आसपास. खड्ड्यात नक्की काय किती आहे याची यादीच धड नव्हती. काम रखडलं, खर्च वाढला, १९९८ मध्ये करार मोडला आणि मग कोर्टकचेऱ्या. इंग्लंडमध्ये सेलाफिल्डच्या जुन्या अणुकेंद्रात तर उलटाच प्रकार. तिथल्या जुन्या तळ्यांत आणि सायलोंत काय पडलंय ते कुणालाच पक्कं माहीत नाही, म्हणून कंपन्यांनी आधीच सांगितलं की ठरलेली किंमत वगैरे आम्हाला जमणार नाही, खर्च होईल तसा द्या आणि वर फी द्या. २००८ मध्ये अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच अशा तीन कंपन्यांच्या गटाकडे ते गेलं, आणि २०१५ च्या जानेवारीत सरकारनेच जाहीर केलं की हे आता आम्ही परत घेतो. शेवटी धोका सरकारचाच राहिला आणि फी तेवढी कंपन्यांची. मॅग्नॉक्स नावाच्या जुन्या ब्रिटिश अणुभट्ट्यांच्या ठेक्यात तर टेंडरचे मार्क देण्यातच घोळ झाला, हरलेली कंपनी कोर्टात जिंकली, ब्रिटिश सरकारच्या संस्थेला जवळपास १० कोटी पौंड भरून मिटवावं लागलं आणि २०१९ मध्ये तोही ठेका संपवला. आमच्या पीडब्ल्यूडीच्या टेंडरांना आपण उगाच नावं ठेवतो.

पण सेल्सवाल्याच्या बाजूचंही एक उदाहरण आहे आणि त्याला स्वतःलाच ते माहीत नव्हतं, मी सांगितल्यावर वहीत लिहून घेतलं त्याने. कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ रॉकी फ्लॅट्स, बॉम्बचे प्लुटोनियमचे भाग बनवायचा कारखाना. सरकारी अंदाज होता की सफाईला साठ-पासष्ट वर्षं आणि ३६०० कोटी डॉलरच्या वर लागतील. कायझर-हिल नावाच्या खाजगी कंपनीने १९९५ मध्ये हातात घेतलं आणि २००५ मध्ये संपवलं, खर्च ७०० कोटींच्या आसपास. लवकर आणि स्वस्तात केलं तर बोनस, उशीर केला तर फी कापणार, असा ठेका. आता याच्यावरही तिकडे लोक भांडतात, खोल मातीत काय ठेवलं वगैरे, आणि मधला भाग अजून सरकारच्याच ताब्यात आहे. पण काम झालं हे खरं. का झालं? तर 'संपलं' म्हणजे काय हे आधी कागदावर ठरलं होतं, मातीच्या एका ग्रॅममध्ये किती प्लुटोनियम चालेल तो आकडा ठरला होता, आणि मोजून बघणारा माणूस कंपनीचा नव्हता. काय पडलंय आणि किती उरलं तर चालेल हे मोजता येत असेल तर खुशाल ठेका द्या, मोजता येत नसेल तर ठेकेदार तुमच्याच खिशाचं माप घेतो. मालकांना नोटमध्ये मी हेच लिहिलं, जरा सभ्य भाषेत.

आणि आमच्या गेजचं बरं होतं, त्याचं सगळं मोजलेलं. सर्टिफिकेट फाइलमध्ये, सोर्सचा नंबर, अ‍ॅक्टिव्हिटी, तारीख. एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, ई-लोरा पोर्टलवर आमच्या नावावर नोंद. म्हणून एजन्सीचं काम त्या भागापुरतं खरंच छान झालं, तिथे मी हात आखडता घेणार नाही. सोर्स बाहेरच्या देशातला, विकताना विकणाऱ्याने परत घ्यायचं लिहून दिलेलं, पण ती कंपनी मधल्या काळात दुसऱ्या कंपनीने गिळली आणि मेलला उत्तर द्यायला कुणी नाही. आमच्या आरएसओने, म्हणजे रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरने, कित्येक मेल टाकून झाले होते. एजन्सीच्या ऑफिसातल्या एका बाईंनी ते प्रकरण हातात घेतलं, नव्या कंपनीकडून परत घेणं शक्य नाही असं लेखी आणलं, त्यावर मुंबईत ट्रॉम्बेला असे जुने सोर्स जमा करून घेणाऱ्या सरकारी फॅसिलिटीची संमती, मग ट्रान्सपोर्टचे कागद, सगळं ओळीत. मी त्यांना एकदाही प्रत्यक्ष भेटलो नाही पण दीड स्टार नुसता त्यांचा. कुठला कागद कुठे अडलाय हे त्या बाईंना फाइल न उघडता सांगता यायचं.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी दोघं आले, एक सीनियर आणि एक पोरगा. सीनियरचं काम बघत राहावं असं. आधी खोलीत शिरायच्या दारातच किरणं मोजायचा मीटर चालू, मग कोपरे, मग गेज. शटर लॉक आहे का ते हाताने आणि मीटरने, दोन्हीने बघितलं. मग वाइप टेस्ट, म्हणजे ओला कापसाचा बोळा चिमट्याने धरून सोर्सच्या डब्याच्या सांध्यांवरून फिरवायचा, पिशवीत बंद करायचा, नंबर टाकायचा, तो लॅबला जातो, सोर्स गळत असेल तर त्यात कळतं. टाइप-ए, म्हणजे किरणोत्सारी माल नेण्यासाठीच्या ठरावीक पॅकेजमध्ये फोम कापून डबा बसवला, बोल्ट क्रॉस करून आवळले, सील मारलं, आणि वर सगळ्या बाजूंनी मीटर फिरवला. पृष्ठभागावर तासाला ५ मायक्रोसिव्हर्टच्या आत असेल तर सगळ्यात खालच्या वर्गाचं पांढरं लेबल लागतं, आमचं त्याच्याही बरंच खाली होतं. आमचा फोरमन लांबून बघत होता, तो लेबलावरचं तीन पात्यांचं चिन्ह बघून म्हणाला, 'पात्रांव, आतां हें आमचें की तांचें?' अख्ख्या मीटिंगांमध्ये एवढा सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. सीनियरने पण सरळ उत्तर दिलं, ट्रॉम्बेवाल्यांनी घेतल्याची पावती येऊन ई-लोरावर तुमच्या नावावरून उतरेपर्यंत तुमचंच. गाडी पत्रादेवी ओलांडून गेली, कणकवलीला पोचली, काही फरक नाही, तुमचंच. सेल्सवाल्याच्या तोंडून हे एकदाही आलं नव्हतं.

आता जिथे स्टार कापले ते. पहिल्यांदा आले तेव्हा सर्व्हे मीटरवरचं कॅलिब्रेशनचं स्टिकर मुदत संपलेलं. आमच्या आरएसओने बघितलं म्हणून, नाहीतर तसंच काम उरकलं असतं, पोरगा तर म्हणत होता मीटर चालतोय ना सर. मुंबईहून रात्रीच्या बसने दुसरा मीटर मागवावा लागला, गाडी आणि ड्रायव्हर थांबून राहिले, आणि बिलात काय आलं माहितीय? वाहन थांबल्याचा चार्ज! चूक तुमची, भुर्दंड आमच्यावर. भांडून तो अर्धा केला, पूर्ण काढला नाहीच. कोटेशन 'सगळं धरून' असं होतं, तरी पॅकेजचं भाडं वेगळं, वाइप टेस्टच्या लॅबचं वेगळं, ट्रॉम्बेला भरायची फी तर 'अ‍ॅट अ‍ॅक्चुअल', वर जीएसटी. लाखाच्या आत म्हणता म्हणता लाखाच्या पार गेलं. हॅनफर्डवाल्यांचं वाचून मी हसलो होतो ना, ते माझ्याच बिलात छोट्या अक्षरात आलं. पण निदान इथे भांडायला कागद होता, कारण मी कोटेशनवर प्रत्येक ओळ लिहून मागितली होती.

लटकलेलं काम म्हणजे स्मोक डिटेक्टर. जुन्या ऑफिसचं सीलिंग काढलं तेव्हा आयनायझेशनवाले जुने डिटेक्टर निघाले, एक खोकंभर. त्यातही अमेरिशियमच, गेजच्या मानाने अगदी कणभर. पण कागद नाहीत, कुणी बसवले, कुठून आले, काही नाही, काहींवरची लेबलं पण वाळवीने खाल्लेली. एजन्सीला म्हटलं हेही घेऊन जा. इथे त्यांची सगळी चपळाई गेली. आधी म्हणाले बघतो, मग म्हणाले पहिल्यांदा यादी करायची सर्व्हिस वेगळी घ्या, तिचा दर सांगता येणार नाही, किती वेळ लागेल त्यावर. म्हणजे जिथे माहिती होती तिथे फिक्स रेट, जिथे माहिती नाही तिथे मीटर चालू. मी त्यांना दोष देत नाही खरं तर, मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं, पण मग ब्रोशरवर 'संपूर्ण जबाबदारी आमची' छापू नये ना. खोकं अजून आमच्याच स्टोअरमध्ये, कुलूप आणि बोर्ड लावून.

मालकांचं अजून एक म्हणणं होतं की बाकी सगळं खाजगीच करतात तर शेवटी सरकारी ट्रॉम्बे कशाला, खाजगी गोडाऊन का नाही. अमेरिशियम-२४१ ची हाफ-लाइफ, म्हणजे निम्मा व्हायला लागणारा काळ, ४३२ वर्षं. पोर्तुगीज गोव्यात १५१० ला आले आणि १९६१ ला गेले, ४५१ वर्षं. म्हणजे आल्या आल्या त्यांनी हा सोर्स पुरला असता तर ते गेले तेव्हा जेमतेम निम्मा झाला असता. एवढा काळ टिकणारी प्रायव्हेट लिमिटेड दाखवा आणि मी गोडाऊनचं भाडं आगाऊ भरतो. कुंकळ्ळीचा तो झिंकचा कारखाना बंद पडला तेव्हा घातक कचरा तिथेच राहिला आणि गावकरी वर्षानुवर्षं त्याच्यासाठी झगडले, तेही किरणोत्साराचा संबंध नसताना. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने शांती कायदा केला, अणुवीज खाजगी कंपन्यांना खुली झाली, कर्नाटकातलं कैगा अणुवीज केंद्र तर आमच्या शेजारीच आहे, तेव्हा हा विषय आता नुसत्या गेजवाल्यांचा राहिलेला नाही. पण त्या कायद्यातही वापरलेलं इंधन आणि सगळ्यात तीव्र कचरा केंद्र सरकारकडेच ठेवलाय, निदान एवढं डोकं ठिकाणावर आहे. उचलणं, मोजणं, पॅक करणं, कागद फिरवणं, हे खाजगीवाले सरकारी माणसापेक्षा चटकन करतात, माझा अनुभव तरी तोच. राखत बसणं हा त्यांचा धंदाच नाही, आणि त्यात गैर काही नाही.

अर्थात सरकारी जागा असली म्हणजे झालं असंही नाही हां. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत मिठाच्या थरात खोल खणलेली सरकारी साठवण आहे, विप नावाची. २०१४ मध्ये तिथे एक ड्रम फुटला, का, तर लॉस अलामॉसच्या अणुप्रयोगशाळेत ड्रम भरताना ओल शोषायला मांजराच्या शी-शूसाठी वापरतात ती वाळू टाकायचे, नेहमीच्या खनिजवाल्याच्या जागी कुणीतरी गव्हापासून केलेली 'ऑरगॅनिक' टाकली, कचऱ्यातल्या नायट्रेटबरोबर ती तापली आणि ड्रम उघडला. जवळपास तीन वर्षं जागा बंद. लॉस अलामॉसही तेव्हा कंपन्या आणि एक युनिव्हर्सिटी यांचा गटच चालवत होता. ही गोष्ट आमच्या परचेसवाल्यांना मी मुद्दाम सांगितली, 'इक्विव्हॅलंट ब्रँड चालेल ना' हे त्यांचं आवडतं वाक्य आहे म्हणून.

घ्यायची असेल तर घ्या ही सर्व्हिस, कागद पूर्ण असतील तर नक्कीच. शेवटचा हप्ता मात्र माल उचलल्यावर देऊ नका, ट्रॉम्बेची पावती आणि ई-लोरावर आपल्या नावापुढे शून्य दिसल्यावर द्या, आम्ही ते करारात घातलं होतं आणि त्यामुळेच पावती वेळेवर आली असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी येण्याआधी मीटरच्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेटचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्या. थांबल्याचा चार्ज कुणाच्या चुकीला कुणी भरायचा ते कोटेशनमध्ये लिहून घ्या. आणि गणेश चवथीच्या आसपासची तारीख घेऊ नका, एकतर ड्रायव्हर गावाला गेलेला असतो, आणि हायवेवर कोकणात जाणाऱ्या गाड्यांची रांग असते ती वेगळीच.